खोली देणे आहे, माणूस नको

पोरगा बंगलोरला नोकरीला गेला, त्याची खोली रिकामी पडलीय, आणि सध्या तिथे इस्त्रीचं टेबल, कपडे वाळत घालायची एक्सरसाईज सायकल आणि लग्नात आलेले न उघडलेले तीन डिनरसेट राहतात, जे रुपयाभर भाडं देत नाहीत. मग पीजी ठेवाच. त्यात सदाशिव पेठेत राहत असाल तर प्रश्नच नाही, एमपीएससीवाली पोरं आयती दारात.

आधी एक डोक्यात पक्कं करा, आपल्याला भाडं हवंय, भाडेकरू नकोय. तो आपला भाड्यासोबत येतो, नाईलाज आहे. त्यामुळे पोरगा बघताना असा बघा की दिवसभर अभ्यासिकेत, जेवायला मेसमध्ये, रात्री दहाच्या आत घरात, शनिवार-रविवार गावाला आणि गावाला गेला तरी भाडं पूर्ण महिन्याचं. घरात दहा बाय दहाची खोली आहे, त्यात एक माणूस आरामात राहतो, म्हणजे तीन कॉट बसतात. डिनरसेट कॉटखाली सरकवायचे आणि वर पाटी, 'हात लावू नये'.

आता गिझर. बटण बाथरूमच्या बाहेर हवं, नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवून बाहेर काढून घ्या, हा खर्च वाया जात नाही. मग बादलीचा आवाज ऐकायला शिका. रिकाम्या बादलीत धार पडली की खणखण वाजते, भरत आली की आवाज जाड होतो, आणि जाड होऊन परत खणखण सुरू झाली की समजायचं साहेबांनी दुसरी लावली. बरोबर त्या क्षणी बटण बंद. आतून "काका, गिझर गेला वाटतं" असं आलं तर पेपरात डोकं घालायचं. डिसेंबरात जरा जास्त वेळ घालायचं.

नॉनव्हेज अजिबात चालणार नाही हे पहिल्याच दिवशी सांगा (आपण रविवारी बाहेर जाऊन खातो तो विषय वेगळा). पण सोलापूरच्या पोराची आई शेंगाची चटणी पाठवते, त्या डब्याला मात्र नाही म्हणायचं नाही, आपण काय परके आहोत का.

करार ११ महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्स. रजिस्टर कशाला करायचा, हजार रुपये फी, वर स्टॅम्प ड्युटी, अंगठ्याचे ठसे, कोणी सांगितलंय. तसं १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने सांगितलंय, जबाबदारी मालकाची, नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि खरी गंमत पुढे आहे, रजिस्टर केलेला करार नसेल तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्याच खऱ्या धरतात, तुम्ही उलटं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे उद्या पोरगा म्हणाला की दोन बादल्या ठरल्या होत्या, तर दोन. तरी तुम्ही हजार रुपये वाचवाच. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं वगैरे पण बघू नंतर, पोरगा चेहऱ्यावरून चांगला वाटतो ना, झालं मग.

डिपॉझिट परत द्यायचा दिवस सगळ्यात महत्त्वाचा. बॅटरी घेऊन भिंती तपासा. आमच्याकडच्या एकाने कॉटच्या वर एकच खिळा मारला होता, कॅलेंडर लावायला, परीक्षेच्या तारखांना लाल गोल केलेलं. खिळ्याचे आणि रंगाचे मिळून सातशे कापले, बिचारा काही बोलला नाही, पाया पडून गेला. पुढच्या वर्षी त्याची पोस्ट निघाली. तेव्हापासून आम्ही सोसायटीत सगळ्यांना सांगतो, आमच्याच घरात राहून झाला हो, अगदी घरच्यासारखा होता.

खिळा अजून आहे, चांगला पक्का बसलाय. आता त्याच्यावर गिझरची पाटी लावलीय.