पितळी भोंगा आणि कुत्र्याची पाटी म्हणजे शाहू महाराजांच्या वेळचा ग्रामोफोन नव्हे

"ग्रामोफोनला पितळी भोंगा आणि कुत्र्याची पाटी असेल, चावी दिल्यावर तो वाजत असेल, तर तो शंभर वर्षांचा, शाहू महाराजांच्या वेळचा, अस्सल. ऑनलाइन मिळेल त्या भावात घ्या, पुढं लाखांत जाईल." हा मजकूर कोल्हापुरात बऱ्याच मोबाइलवर फिरतोय. मंगळवार पेठेतल्या माझ्या मामांनी त्याच भरवशावर पैसे घातले, म्हणून हे लिहितोय.

आधी भोंगा. पितळी भोंगे तेव्हाही होते, पण पुष्कळ यंत्रांवर रंगवलेल्या पत्र्याचा असे, काही भारी यंत्रांवर लाकडी. आरशासारखं चकचकीत पितळ आणि खाली अष्टकोनी पेटी दिसली की थांबा. अशी जोडणी आपल्याच देशात शोभेसाठी आजही होते.

पाटी तर कुठल्याही पेटीला ठोकता येते. पाटीवरच्या एचएमव्हीच्या चित्रातला तो कुत्राही मुळात नळकांड्याच्या फोनोग्राफसमोर बसलेला होता. १८९९ मध्ये चित्रकार बरो यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी त्यावर तबकडीचं यंत्र रंगवलं. आणि तबकडीच्या यंत्राला 'एडिसनचा १८७७ चा' म्हणणाऱ्याशी बोलणंच थांबवा. एडिसनचं यंत्र नळकांड्याचं; तबकडीचा ग्रामोफोन बर्लिनर या संशोधकाचा, त्याचं पेटंट १८८७ चं.

सगळ्यात घातक वाक्य 'वाजतो म्हणजे अस्सल' हे. मामांचाही वाजत होता. वरची फळी उचलली, तर मोटार खरोखर जुनी, कुठल्यातरी सुटकेस ग्रामोफोनमधून काढलेली. तिच्याभोवतीचं लाकूड मात्र आतून कोरं, पॉलिशचा वास अजून येणारं. बिजागऱ्यांपासून मोटारीपर्यंत सगळे स्क्रू अधिकच्या खुणेचे! ते बाजारात आले १९३० च्या दशकात. शाहू महाराज गेले १९२२ मध्ये. एखादा स्क्रू दुरुस्तीत बदलतो हे मान्य, सगळे कसे बदलतील? भोंग्याकडं जाणारा कोपर, म्हणजे वाकडी नळी, जाडजूड आणि खडबडीत. उद्यमनगरात लेथवर बसणाऱ्या कुणालाही तो दाखवा, ओतकाम घाईचं आहे हे तो हात लावताच सांगेल.

लाखांच्या भावाचं म्हणाल, तर वयाला एकट्याला किंमत नाही. मोटार, साउंडबॉक्स (पिन धरणारी, आवाज उमटवणारी गोल डबी), भोंगा आणि पेटी एकाच यंत्राची आहेत का, यावर ती ठरते. ऐकायलाच हवा असेल, तर एचएमव्हीची साधी १०२ नंबरची सुटकेस घ्या. ती १९३१ पासून पुढं दोन दशकांहून जास्त काळ बनत होती, त्यामुळं दुर्मिळ नाही, पण आवाज गोड.

मला खरं दुःख तबकडीचं आहे. अल्लादियाँ खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गायक. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांची एक तबकडी आजीनं जपलेली होती. मामांनी ती त्या यंत्रावर लावली. दांडा वाकडा, साउंडबॉक्स जड, त्यात पिनही जुनीच. पोलादी पिन तबकडीची दर बाजू वाजली की बदलायची असते, हे विकणाऱ्यानं सांगितलंच नव्हतं. चार वेळा वाजल्यावर काळ्या चरांत राखाडी पट्टा उमटला. तो आता पुसता येत नाही.

पैसे पाठवण्याआधी तीन फोटो मागा: फळीखालची मोटार, साउंडबॉक्सची मागची बाजू, पेटीचा तळ. फक्त भोंग्याचेच फोटो येत राहिले, तर व्यवहार तिथंच सोडा.