बॅगा कोण सांभाळणार?

दहावीचा शेवटचा पेपर झाला त्याच संध्याकाळी तुमच्या फोनवर एक ग्रुप उगवतो. नाव ‘खोपोली फायनल’. आठवड्याने ‘खोपोली फायनल फायनल’. तुम्हाला न विचारताच त्यात घेतलेलं असतं, खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कला जायचं हे ठरून गेलेलं असतं आणि तुम्हीही अंगठा दाखवून मोकळे झालेले असता. चाळीस मीटर उंचीवरून, ताशी 105 किलोमीटर वेगाने, पाच वेळा उलटंपालटं होत खाली यायचं, ही कल्पना सोफ्यावर लोळताना काही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं आदल्या रात्री साडेअकराला, जेव्हा ग्रुपवरचा बंड्या तिथल्या त्या नायट्रो नावाच्या रोलर कोस्टरचा व्हिडिओ टाकतो आणि त्यात लोकांचे पाय हवेत लोंबकळत असतात. त्या गाडीला खाली जमीनच नसते. म्हणजे नसतेच. ते मुद्दाम तसं केलेलं असतं.

घाबरू नका. या क्षेत्रातला माझा अनुभव दांडगा आहे. जत्रेतल्या आकाशपाळण्यापासून सुरुवात करून मी बऱ्याच थरारक गोष्टींच्या बरोबर खाली उभा राहिलो आहे. 1989 साली गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झालं, त्यानंतर काही वर्षांनी आमची शाळेची सहल बोटीने खाडी ओलांडून तिथे गेली होती. जाहिरातीतला मुलगा तिथून घरी जायला तयार नसायचा. मी बोटीतच घरी जायला तयार होतो.

तर पहिली गोष्ट, ग्रुपवर गप्प बसू नका. घाबरलेला माणूस गप्प असतो हे आता पाचवीतल्या पोरांनाही कळतं. तुम्ही उलट आवाज वाढवा. ‘आपण तर फ्रंट रो, भावा’ असं टाका. पुढे दोन आगीचे इमोजी टाका. बंड्या ‘नाही, लास्ट रो’ म्हणाला तर लगेच माघार घेऊ नका, त्याला समजावून सांगा: पुढच्या रांगेत फक्त देखावा दिसतो, खरा झटका मागे बसतो. पुढचे डबे टेकडीवरून खाली सुटलेले असतात आणि ते मागच्यांना खेचून नेतात, त्यामुळे शेवटचा डबा माथ्यावरून जाताना जास्त वेगात असतो. ही माहिती खरी आहे आणि ती सांगणारा माणूस घाबरट असेल असं कोणाच्या स्वप्नातही येत नाही.

मग घरून नकार मिळवायचा. हा सगळ्यात सभ्य मार्ग, पण त्यावर फार विसंबू नका. गेली पंधरा वर्षं पावसात जाऊ नको, उन्हात जाऊ नको, त्या मुलाबरोबर जाऊ नको म्हणणारी आई नेमकी या वेळी म्हणते, “जा की. एवढा अभ्यास केलास.” बाबा पाकिटातून पैसे काढून वर म्हणतात, “मोठ्यात बस हं, लहान मुलांच्यात नको.” वडिलांच्या शौर्याच्या कल्पना नेहमी दुसऱ्याच्या पोटावर प्रयोग करण्याच्या असतात. आई पहाटे उठून दशम्या करते, सोबत लसणाची चटणी देते. बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत हे तिला सांगू नका. त्या दशम्या तुमच्या कामाच्या आहेत.

डोंबिवलीहून निघालात तर कर्जतपर्यंत ठीक असतं. पुढे खोपोलीच्या गाड्या मोजक्या. ती एक चुकली की फलाटावर बराच वेळ बसावं लागतं. मी ती चुकवायचा प्रामाणिक प्रयत्न केला आहे. कर्जतला उतरून सगळ्यांना वडे घ्यायला लावले, सुट्ट्या पैशांवरून वाद काढला, पाणी भरायला गेलो. गाडी थांबली होती. आयुष्यात मी ज्यांच्या मागे धावलो त्या सगळ्या गाड्या सुटल्या, ही तेवढी थांबली.

डब्यात दशम्या खा. सगळ्या खा. मित्र दोन मागतील, एक द्या. पुढे कधीही “चल ना रे” असं कोणी म्हणालं की पोटावर हात ठेवून म्हणायचं, “आत्ताच खाल्लंय यार, भरल्या पोटी बसू नये.” मात्र हे कारण दुपारी दोनपर्यंतच चालतं. त्यानंतर तुम्हीच भुकेने व्याकूळ होऊन, बाहेर ज्या पैशांत चार वडापाव येतात त्यात आत अर्धा घेताना पकडले जाता.

आता रांग. राइड दोन-तीन मिनिटांत संपते, रांग मात्र सुट्टीच्या दिवशी तास-दीड तास पुरते. म्हणजे तुम्ही पैसे मुख्यतः रांगेचे भरलेले असतात, तेव्हा तिचा उपभोग घ्या. रांगेच्या तोंडाशी उंची मोजायची एक पट्टी असते. आमच्या वेळी मी तिच्यासमोर गुडघे किंचित वाकवून उभा राहिलो होतो. तिथल्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, मग गुडघ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, “सरळ उभा राहा, बाळा. बसतंय.” त्यामुळे हा उपाय मी सुचवत नाही.

रांगेत ज्ञान पाजळावं. डोक्यावरून टक-टक-टक असा आवाज येत असतो, सगळे वर बघत असतात. तुम्ही शांतपणे सांगा, गाडी चढताना मागे घसरू नये म्हणून खटके असतात, त्यांचा हा आवाज. माथ्यावर पोचली की साखळी सोडते आणि पुढे इंजिन वगैरे काही नसतं, नुसतं गुरुत्वाकर्षण. ‘नुसतं’ या शब्दावर थोडं थांबायचं. एखाद्याचा चेहरा उतरला की पुढचं सोडा: सव्वाशेएक वर्षांपूर्वी अमेरिकेत लूप, म्हणजे गाडीला उलटं फिरवणारे रुळांचे वेढे, अगदी गोल असायचे आणि बसणाऱ्यांच्या माना आखडायच्या. इथे माझा बेत असा होता की निम्मे तरी गळतील. पण बंड्याने विचारलं, “मग आता कसे असतात?” आणि मला खरं बोलायची वाईट सवय आहे. 1976 साली कॅलिफोर्नियात थेंबाच्या आकाराचा लूप आला, त्यात मानेवर एवढा भार येत नाही, असं मी सांगून बसलो. बंड्या आनंदाने किंचाळला. जे दोघं डळमळीत होते तेही माझ्यामुळे तयार झाले.

कारणांबद्दल थोडं. खांदा दुखतोय, कानात पाणी गेलंय, लेन्स पडेल, ही जुनी झाली. आईने शपथ घातलीये, हे अजून चालतं, पण शपथ घालणारी आई त्याच क्षणी ‘बसलास का? फोटो पाठव’ असा मेसेज पाठवू शकते. सगळ्यात टिकाऊ कारण एकच: बॅगा. सहा पोरं, सहा सॅक, चार चष्मे, तीन टोप्या, शिवाय पाय लोंबणार म्हणून काढून ठेवायला लागणाऱ्या चपला. “जा तुम्ही, मी बघतो” हे वाक्य घरी आरशासमोर म्हणून बघा. त्यात त्याग दिसला पाहिजे, सुटका दिसता कामा नये. या धंद्यातला तुमचा एकमेव शत्रू म्हणजे लॉकर. कोणी तो शब्द उच्चारला की ताबडतोब पैशांवर या. “लॉकरला कशाला घालवता? त्यात सगळ्यांचं आइस्क्रीम होईल.” मराठी मुलगा इथे हमखास विरघळतो.

मात्र दिवसभर बाकावर बसून राहिलात तर बभ्रा होईल, म्हणून एखाद्या ओल्या राइडला जरूर बसा. इमॅजिकातली राजासॉरसची बोट त्यासाठी उत्तम. आधी सांगून टाका की राजासॉरस हा खराखुरा भारतीय डायनासोर, नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडं सापडली आणि 2003 साली त्याला हे नाव मिळालं. मग बोट खाली कोसळते, पाणी अंगावर येतं, झालं. ओले कपडे हा शौर्याचा चालताबोलता पुरावा आहे. बॅगांशेजारी निथळत उभ्या असलेल्या मुलाला कोणीही विचारत नाही की तो कशात बसून भिजला.

एवढी सगळी तयारी करूनही एका पार्कात माझं काय झालं ते सांगतो.

मी बॅगा घेतल्या. पाच जण आत गेले. गाडीत त्यांच्या रांगेत एक जागा रिकामी होती, माझी. राइडवाला ओरडला, “सिंगल आहे का कोणी?” तेव्हा रांगेतून एक काकू पुढे झाल्या. पन्नाशीच्या असतील, पंजाबी ड्रेस, पांढरे स्पोर्ट्स शूज, मागे भिशीतल्या चार मैत्रिणी “अगं नको, अगं नको” करत होत्या. काकूंनी गजरा काढून मैत्रिणीच्या हातात दिला. मग आजूबाजूला पाहिलं, कठड्यापलीकडे बॅगांच्या ढिगात उभा असलेला मी दिसलो.

“बाळा, तू इथेच आहेस ना?”

“हो काकू.”

“मग एवढी पर्स धर. आत बीपीची गोळी आहे, हरवू नकोस.”

गाडी चढली. टक-टक-टक. मी खाली सात बॅगा घेऊन उभा होतो आणि वरून काकूंचा आवाज येत होता. किंकाळी नव्हे. त्या बंड्याला सांगत होत्या, “डोळे उघड रे, पैसे दिलेत!”

खाली काउंटरवर राइडचा फोटो लागतो. पाच पोरांचे चेहरे असे, की आईने ओळखले नसते. एकाने तोंड दंडात खुपसलेलं, बंड्याचे डोळे गच्च मिटलेले. आणि माझ्या जागेवर काकू, दोन्ही हात वर, नुकतं हळदीकुंकू आटोपून आल्यासारख्या प्रसन्न. पोरांनी वर्गणी काढून तो फोटो विकत घेतला. माझ्याकडूनही घेतली. अजून ग्रुपचा डीपी तोच आहे.

काकू पर्स घ्यायला आल्या. आतून डबी काढली, आवळा सुपारी माझ्या तळहातावर ठेवली.

“मळमळतंय का रे?”

“नाही काकू, मी बसलोच नाही.”

“माहीत आहे. वरून तुझाच चेहरा सगळ्यात पांढरा दिसत होता,” त्या म्हणाल्या, आणि चपला घालायला वाकलेल्या बंड्याला विचारू लागल्या की दुसऱ्या फेरीला कोण कोण येतंय.