‘एआय संशोधनाला सरकारी पैसा कशाला?’ या मजकुराला उत्तर

सध्या एक मजकूर खूप फिरतोय. त्याचं म्हणणं असं: विज्ञान आणि ऊर्जा या क्षेत्रांतल्या एआयसाठी सरकारांनी संशोधन अनुदानं देणं ही करदात्यांच्या पैशाची उधळपट्टी आहे. कारणं चार दिली आहेत. बड्या कंपन्या हे काम स्वतःच्या पैशाने करतातच. नोबेलसुद्धा कंपनीच्याच लोकांना मिळालं. एआय स्वतः वीज खातं, ते ऊर्जेचा प्रश्न काय सोडवणार? आणि अनुदानातून फुगवलेल्या दाव्यांशिवाय काही निघत नाही.

सार्वजनिक पैशाचा हिशेब मागायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण यातली पहिली दोन कारणं घडलेल्या गोष्टींच्या थेट विरुद्ध आहेत. नोबेलपासूनच सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त टाळ्या त्याच वाक्याला पडतात.

‘नोबेल कंपनीला मिळालं, सरकारचा काय संबंध?’

२०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा डेव्हिड बेकर यांना मिळाला, आणि ते वॉशिंग्टन विद्यापीठात, म्हणजे सार्वजनिक विद्यापीठात काम करतात. उरलेला अर्धा गूगल डीपमाइंडच्या डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना मिळाला, अल्फाफोल्डसाठी, म्हणजे प्रथिनाची रचना (त्याचा त्रिमितीय आकार) अमिनो आम्लांच्या क्रमावरून ओळखणाऱ्या एआयसाठी. अल्फाफोल्डचं यश खरं आहे आणि मोठं आहे. प्रश्न इतकाच की ते शिकलं कशावरून?

ते शिकलं प्रोटीन डेटा बँकेवरून, म्हणजे प्रथिनांच्या रचनांच्या खुल्या संग्रहावरून. ही बँक १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुरू झाली, तेव्हा तिच्यात प्रथिनांच्या अवघ्या ७ रचना होत्या. प्रथिनाची एक रचना शोधायची म्हणजे बहुतेक वेळा आधी ते शुद्ध करायचं, त्याचा स्फटिक वाढवायचा (तो महिनोन्‌महिने वाढतच नाही), मग सिंक्रोट्रॉनवर (अतिशय प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर) नेऊन त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि मिळालेल्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढायच्या. कितीतरी रचनांमध्ये एखाद्या विद्यार्थ्याची सगळी पीएचडी खर्ची पडलेली आहे. सिंक्रोट्रॉन बहुतेक सगळे सरकारांनी बांधलेले. रचना सापडली की ती बँकेत सर्वांसाठी खुली करा, ही अट अनुदान देणाऱ्या संस्थांनी आणि शोधपत्रिकांनी घातली, म्हणून त्या कुणाच्या कपाटात पडून राहिल्या नाहीत.

अल्फाफोल्ड २ शिकलं तेव्हा अशा सुमारे १,७०,००० रचना हाताशी होत्या. एका रचनेमागे सरासरी १ लाख डॉलर खर्च येतो, असा बँक चालवणाऱ्यांचा अंदाज आहे. गुणाकार केला तर १,७०० कोटी डॉलर होतात. जगातल्या कुठल्याही कंपनीने हा खर्च पन्नास वर्षं केला नसता, कारण शेवटी त्यातून काय निघणार हे १९७१ मध्ये कुणालाच दिसत नव्हतं.

दुसरी गोष्ट परीक्षेची. १९९४ पासून दर दोन वर्षांनी ‘कॅस्प’ नावाची चाचणी होते. प्रयोगशाळेत सापडलेली पण अजून जाहीर न झालेली रचना बाजूला ठेवायची, स्पर्धकांना फक्त अमिनो आम्लांचा क्रम द्यायचा आणि त्यांचं उत्तर खऱ्या रचनेशी ताडून बघायचं. २०२० मध्ये अल्फाफोल्ड २ या चाचणीत चमकलं म्हणून शास्त्रज्ञांनी त्यावर विश्वास ठेवला. ही चाचणीही तेव्हा मुख्यतः सार्वजनिक अनुदानावरच चालत होती.

आणि २०२४ मध्ये काय झालं तेही पाहा. अल्फाफोल्ड ३ वरचा शोधनिबंध मे महिन्यात आला तो कोडशिवाय. शास्त्रज्ञांनी उघड आक्षेप घेतला आणि कोड नोव्हेंबरमध्ये मिळाला. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच धर्तीचं, सर्वांना खुलं असलेलं बोल्ट्झ-१ मॉडेल आणलं. कंपनीने दार लावलं तर दुसरी वाट काढणारे लोक विद्यापीठांत शिल्लक असणं ही माझ्या मते अनुदानाची सगळ्यात मोठी कमाई आहे.

‘कंपन्या हे करतातच की’

करतात. डीपमाइंडचं ग्राफकास्ट दहा दिवसांचा हवामान अंदाज एका चिपवर एका मिनिटाच्या आत काढतं. मात्र ते शिकलं ईआरए५ या जुन्या हवामानाच्या संग्रहावर, जो युरोपीय देशांच्या वर्गणीतून चालणाऱ्या ईसीएमडब्ल्यूएफ या हवामान अंदाज केंद्राने तयार केला. ह्युआवे या चिनी कंपनीचं पांगू-वेदर हे मॉडेलही त्याच संग्रहावर शिकलं. शिवाय अंदाज काढण्यासाठी आत्ताची हवा कशी आहे हे आधी सांगावं लागतं. ते उपग्रह, समुद्रात तरंगणारी मोजणीची उपकरणं, आकाशात सोडलेले फुगे यांच्याकडून येतं, आणि हे सगळं जाळं मुख्यतः सरकारी पैशावर उभं आहे. दरम्यान त्याच युरोपीय केंद्राने स्वतःचं एआयएफएस हे मॉडेल फेब्रुवारी २०२५ पासून रोजच्या कामाला लावलं, म्हणजे सार्वजनिक संस्थांना हे जमत नाही असंही नाही.

‘एआयच वीज खातं’

हा आक्षेप खरा आहे, पण पत्ता चुकलाय. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटर्सनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास (एक टेरावॅट-तास म्हणजे शंभर कोटी युनिट) वीज वापरली, म्हणजे जगाच्या वापराच्या साधारण दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीच्या वर, ९४५ च्या आसपास जाईल असा तिचा अंदाज आहे. काळजी वाटायलाच हवी. पण ग्राफकास्ट ३२ चिपवर साधारण चार आठवड्यांत शिकलं, आणि मेटाच्या लामा ३.१ या भाषेच्या मॉडेलची सगळ्यात मोठी आवृत्ती शिकवायला १६,००० हून जास्त चिप लागल्या. दोन्हींना एआय म्हणतात म्हणून दोन्हींचं बिल एकाच नावावर फाडणं अन्यायाचं आहे. प्रत्येक अनुदान प्रस्तावात विजेचा हिशेब सक्तीचा करा, असं कुणी म्हणालं तर मी सही करेन.

ऊर्जेत उपयोग काय, याचं एकच उदाहरण देतो. अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या डीआयआयआय-डी या सरकारी खर्चाच्या टोकामॅकवर (अणुसंलयनासाठी अतितप्त वायू, म्हणजे प्लाझ्मा, चुंबकांनी कोंडून ठेवणाऱ्या यंत्रावर) प्रिन्स्टनच्या संशोधकांनी एआय वापरून, प्लाझ्मा फाटू लागण्याच्या ३०० मिलिसेकंदांपर्यंत आधी ते ओळखलं आणि सावरलं. हे २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. संलयनातून (अणू एकमेकांत मिसळून मिळणाऱ्या ऊर्जेतून) घरात वीज यायला अजून वेळ आहे, हे स्पष्ट सांगतो. पण प्लाझ्मा कसा फाटतो हे एआयला शिकवायला तो हजारो वेळा फाटलेला नोंदवून ठेवावा लागतो, आणि अपयशाच्या इतक्या नोंदी जपून ठेवणं सार्वजनिक यंत्रावरच झालं.

‘नुसते फुगवलेले दावे’

काही दावे फुगवलेले होते, मान्य. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या ‘ए-लॅब’ने (एआय आणि यंत्रमानवांनी चालणाऱ्या प्रयोगशाळेने) १७ दिवसांत ४१ नवे पदार्थ बनवल्याचं जाहीर केलं. ते कामही सार्वजनिक पैशाचंच होतं. काही महिन्यांत रॉबर्ट पॅलग्रेव्ह, लेस्ली शूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या मोजमापांची उलटतपासणी केली, आणि यात नवा पदार्थ एकही नाही असा निष्कर्ष काढला. मोजमापं उघड होती म्हणून ते तपासू शकले. अशा तपासणीला मुद्दाम पैसे ठेवणारी अनुदानं फार कमी असतात, आणि ती वाढायला हवीत.

सरकारी योजनांवर माझा स्वतःचा एक आक्षेप आहे, तो त्या फिरणाऱ्या मजकुरात कुठेच नाही. एआय हा शब्द असला की प्रस्तावाला पैसे मिळतात, आणि त्यातला बराचसा संगणनाच्या भाड्यापोटी त्याच बड्या कंपन्यांकडे परत जातो. डेटाबेस सांभाळणाऱ्यांना मात्र दर काही वर्षांनी पुन्हा अर्ज करत बसावं लागतं. ‘टेअर’ हा अरेबिडॉप्सिस या वनस्पतीच्या जनुकांचा संग्रह जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ वापरायचे. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने त्याचा निधी टप्प्याटप्प्याने थांबवला, आणि २०१३ नंतर त्याला वापरणाऱ्यांच्या वर्गणीवर तगावं लागलं.