रडारला लाकूड कळत नाही: दुरुपिनारच्या ‘तारवा’चे दावे तपासताना

पूर्व तुर्कस्तानात, दोउबायाझित गावाच्या दक्षिणेला, सुमारे 2000 मीटर उंचीवर होडीच्या आकाराचा एक उंचवटा आहे. 1959 साली नकाशांसाठी काढलेल्या हवाई छायाचित्रांत तो लष्करातल्या कॅप्टन इल्हान दुरुपिनार यांच्या नजरेस पडला. नावही त्यांचेच लागले. ‘रडारने नोहाचे तारू (बायबलमधल्या महापुरातून वाचलेली नौका) शोधले, आत खोल्या आणि बोळ दिसले’ हा मजकूर अधूनमधून नव्या रंगीत चित्रासह फिरत असतो. त्यातले मुद्दे एकेक घेऊ.

‘लांबी बायबलशी तंतोतंत जुळते.’

बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तारवाचे माप 300 हात लांब, 50 हात रुंद, 30 हात उंच असे आहे. उंचवट्याची लांबी 157 मीटर धरली आणि हात इजिप्तच्या राजमापाचा, म्हणजे सुमारे 52.3 सेंटीमीटरचा घेतला, तर 300 चा आकडा येतो. पण नेहमीचा 45 सेंटीमीटरचा हात घेतला, तर तारू 135 मीटरचे होते. मुळात उतारावर पसरलेल्या मातीच्या टोकाला कडा नसते. फीत कुठे टेकवली त्यावर प्रसिद्ध मापे 150 पासून 164 मीटरपर्यंत आली आहेत. आणि रुंदी? राजमापानेही 50 हात म्हणजे 26 मीटर. उंचवटा मधोमध 40 मीटरच्या वर भरतो. मग ‘बाजू फाकल्या’ असे सांगितले जाते. एक माप जुळले की पुरावा आणि दुसरे चुकले की अपघात, असा हा हिशेब आहे.

‘रडारमध्ये भिंती, खोल्या आणि बोळ स्पष्ट दिसतात.’

इथे थोडे थांबायला हवे, कारण सगळा डोलारा यावर उभा आहे. जमिनीत शिरणारे रडार म्हणजे जीपीआर. ते रेडिओ लहर खाली सोडते आणि परत आलेला प्रतिध्वनी किती नॅनोसेकंदांनी (सेकंदाचा अब्जावा भाग) आला ते नोंदवते. लहर परत फिरते ती दोन थरांचे विद्युत गुणधर्म बदलतात तिथे. कोरडी-ओली माती, चिकणमाती-खडक, खडकातली भेग, कशानेही ती फिरते. वस्तू कशाची आहे हे त्या नोंदीत लिहिलेले नसते.

खोलीही थेट मोजलेली नसते. 100 नॅनोसेकंदांचा प्रतिध्वनी कोरड्याशा मातीत (वेग नॅनोसेकंदाला 0.1 मीटर) 5 मीटरचा, तर ओल्या मातीत (वेग 0.07) साडेतीन मीटरचा ठरतो; लहर खाली जाऊन परत येते, म्हणून अंतर निम्मे धरायचे. म्हणून वेग त्याच जागी काढावा लागतो. एकाकी दगडावरून येणारा कमानीसारखा वक्र जुळवून तो निघतो. शिवाय चिकणमाती रडार गिळते. आपल्याकडच्या ओल्या काळ्या मातीत जीपीआर चालवलेल्या कुणालाही हे माहीत असते: मीटरभर खाली गेले की पडद्यावर बहुतेक गोंगाटच उरतो. जवळच्या तेंदुरेक डोंगराच्या उतारावरचा हा भागही चिकणमाती आणि दगडगोट्यांच्या सरकत्या ढिगाऱ्याचा आहे.

आता चित्राकडे. अर्ध्या मीटर अंतराने समांतर रेषा चालवतात. दोन रेषांमधली जागा संगणक अंदाजाने भरतो. रेषा उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा घेतल्या, की सुटे ठिपके त्याच दिशांत ताणले जाऊन काटकोनी ‘भिंती’ तयार होऊ शकतात. त्यावर भडक रंगपट्टी चढवली की बोळ तयार. खरेपणा तपासायचा तर कच्च्या नोंदी, रेषांचा नकाशा आणि गोंगाट गाळण्याचे टप्पे उघड करावे लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उंचवट्याबाहेर, त्याच उतारावर, तेवढ्याच रेषा चालवाव्यात. तिथेही ‘खोल्या’ दिसल्या तर विषय संपला.

जमिनीत वीज सोडून तिला होणारा विरोध मोजून काढलेल्या, म्हणजे विद्युत रोधकतेच्या चित्रांचेही तेच. एकाच मोजमापाला अनेक भूगर्भरचना लागू पडतात आणि संगणक त्यातली गुळगुळीत रचना निवडतो.

‘निसर्ग सरळ रेषा आणि काटकोन करत नाही.’

धुळे-नंदुरबारकडे गेलेल्यांना हे सांगू नये. तिथल्या बेसाल्टच्या भित्ती, म्हणजे भेगांत थिजलेल्या लाव्हाचे उभे पट्टे, मैलोन्मैल बांधलेल्या तटासारख्या सरळ जातात. थंड होताना पडलेल्या सांध्यांमुळे खडक ठोकळ्यांत फुटतो.

‘लोखंडी खिळे आणि दगड झालेले लाकूड मिळाले.’

‘लोखंड’ म्हणजे मुख्यतः लिमोनाइट. लोहयुक्त खडक झिजून बनणारे हे पिवळट-तपकिरी खनिज मेटल डिटेक्टरच्या हाती आले, तर नवल नाही. लाकडाचा निवाडा सोपा आहे: नमुन्याचा पारदर्शक काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघायच्या. पेशींऐवजी खनिजांचे स्फटिक दिसले तर तो खडक.

एक गोष्ट या संदेशांत कधीच नसते. 1960 च्या मोहिमेने इथे खणले, सुरुंगही लावला. माती आणि दगड मिळाले. डेव्हिड फासोल्ड हे 1980 च्या दशकातले या स्थळाचे कडवे समर्थक. 1996 मध्ये भूवैज्ञानिक लॉरेन्स कॉलिन्स यांच्यासोबत त्यांनीच शोधनिबंध लिहून ही नैसर्गिक रचना असल्याचे मांडले.

‘माती 5000 वर्षांची निघाली, त्यात सागरी जीवांचे अवशेष आहेत.’

मातीतल्या सेंद्रिय कार्बनचे वय म्हणजे जुन्या-नव्या मुळांची, पाल्यापाचोळ्याची सरासरी. घसरत्या ढिगाऱ्यात ती आणखी ढवळते आणि चुनखडीतला प्राचीन कार्बन मिसळला तर वय फुगते. ते तारवाचे वय नव्हे. सागरी अवशेषांचे कारण म्हणजे हा भूभाग कोट्यवधी वर्षांपूर्वी टेथिस या प्राचीन समुद्राचा तळ होता.

‘मग दूरसंवेदन, म्हणजे न खणता दुरून घेतलेला वेध, बायबलच्या स्थळांना निरुपयोगीच का?’

अजिबात नाही. इस्राएलमधले लाखीश घ्या. इ.स.पू. 701 मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने ते शहर जिंकले. बायबलमधल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकात उल्लेख आहे, त्याच्या निनवे इथल्या राजवाड्यातल्या शिल्पपटांवर वेढा कोरलेला आहे आणि जागेवर तटावर चढण्यासाठी हल्लेखोरांनी रचलेली दगडी चढण उभी आहे. संशोधकांनी ड्रोन छायाचित्रांच्या मदतीने चढणीचा आकार काढला. सुमारे साडेसहा किलोचे तीसएक लाख दगड लागले असावेत असा अंदाज 2021 मध्ये मांडला. पण त्याआधी तिथे उत्खनन झाले होते, बाणांची टोके हाती होती.

दुरुपिनारला उंचवट्याच्या कडेला काटकोनात एक चर घ्यावा, थर नोंदवावेत, प्रत्येक थराचा नमुना काढावा आणि बाहेरच्या उतारावर तसाच दुसरा चर घ्यावा. तारू पुरलेले असेल तर पहिल्या चरात लाकूड, जोड, राख, काहीतरी माणसाच्या हातचे येईल.