बोटॉक्स सापाचं विष नाही, आणि ते सुरकुत्यांसाठी शोधलेलंही नाही

‘बोटॉक्स म्हणजे सापाचं विष, नट्यांच्या सुरकुत्या घालवायला शोधलेलं’ असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. विष आहे एवढंच खरं, आणि तेही चांगलंच जहाल. पण ते क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचं. १८९५ साली बेल्जियममधल्या एका गावात अंत्यविधीनंतरच्या जेवणात खारवलेलं हॅम (डुकराचं मांस) खाऊन वाजंत्री मंडळी आजारी पडली, तिघं दगावले. त्या तपासातच जिवाणुशास्त्रज्ञ एमिल व्हान एर्मेंगेम यांना हा जिवाणू सापडला.

या विषापासून औषध केलं ते डोळ्यांच्या डॉक्टरांनी. सॅन फ्रान्सिस्कोचे अ‍ॅलन स्कॉट तिरळेपणावर शस्त्रक्रियेला पर्याय शोधत होते. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप हे विष अडवतं, त्यामुळे जादा ओढणारा स्नायू सैल पडतो. १९८९ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली ती तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप गच्च मिटण्याच्या विकारासाठी. सुरकुत्यांचा कुठे उल्लेखही नव्हता! व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांच्या एका रुग्णाच्या लक्षात आलं, की पापण्यांसाठी घेतलेल्या सुईने भुवयांमधल्या आठ्याही जातात. मग त्यांनी त्वचारोगतज्ज्ञ पती अ‍ॅलिस्टर यांच्यासोबत त्याचा अभ्यास केला. आठ्यांसाठीची अमेरिकी मंजुरी थेट २००२ ची.

आज हीच सुई जुनाट अर्धशिशी, काखेतला अतिघाम, मान वाकडी होणं, अर्धांगवायूनंतर ताठरलेले हातपाय, लघवीवर ताबा न राहणं यांवर देतात. परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा टोचावी लागते. आणि ती टोचायची डॉक्टरांनी, पार्लरवालीने नव्हे.