'नवा व्हॉल्व्ह महिन्यात हवा सोडायला लागला': एक तारा देणाऱ्या ग्राहकाला आमचं उत्तर

नमस्कार. एक तारा दिलात, तो तुमचा हक्क. पण "खराब माल गळ्यात मारला आणि वर आमच्याच कॉम्प्रेसरला नावं ठेवली" हे वाक्य बाकीचेही वाचणार, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं असं: ५/२ व्हॉल्व्हच्या (पाच तोंडं, दोन स्थिती; पिस्टनवाल्या सिलिंडरच्या दोन बाजूंना आळीपाळीने हवा देणारा) एक्झॉस्टमधून, म्हणजे वापरलेली हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडातून, सतत हवा सुटते, सकाळी मशीन चालू केलं की तो अडकतो, आणि प्रेशर ६ वरून ८ बारवर नेऊनही फरक पडला नाही.

परत आलेला व्हॉल्व्ह आम्ही टेस्ट बेंचवर लावला. सिलिंडरकडे जाणाऱ्या दोन्ही पोर्टना बूच मारून ६ बार हवा दिली आणि एक्झॉस्टच्या तोंडावर साबणाचा फेस धरला. कॉइल (व्हॉल्व्हला विजेचा सिग्नल घेणारी गुंडाळी) चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळा फेस जागचा हलला नाही. म्हणजे व्हॉल्व्ह हवा सोडत नाही.

मग मशीनवर ती येते कुठून? बहुतेक सिलिंडरमधून. पिस्टनवरचं सील झिजलं की भरलेल्या बाजूची हवा पिस्टन ओलांडून रिकाम्या बाजूला जाते. ती बाजू त्या वेळी व्हॉल्व्हमधून एक्झॉस्टला जोडलेली असते, त्यामुळे फुसफुस ऐकू येते ती व्हॉल्व्हच्या तोंडातून. आवाज तिथे येतो म्हणून व्हॉल्व्हच बदलायचा, हा घोळ आम्ही रोज बघतो. चांगले व्हॉल्व्ह यापायीच भंगारात जातात.

खात्री तुम्ही स्वतः करू शकता. हवा बंद करून लाइन पूर्ण रिकामी करा. कॉइल बंद असताना सिलिंडरची जी बाजू एक्झॉस्टला जोडलेली असते, तिथला पाइप सिलिंडरवरून काढा. आता कॉइलला सिग्नल न देता, व्हॉल्व्हवरच्या मॅन्युअल बटणालाही हात न लावता, हवा हळू चालू करा. सिलिंडरच्या उघड्या पोर्टमधून हवा आली तर पिस्टनचं सील गेलंय. तिथून न येता व्हॉल्व्हमधूनच आली तर आम्हाला कळवा, व्हॉल्व्ह बदलून देतो, वाद नाही.

सकाळी अडकण्याचं कारण मात्र आम्हाला व्हॉल्व्हमध्येच सापडलं. बेंचवर २ बारला स्पूल (हवेची वाट बदलणारा आतला सरकता दांडा) सरकला, पण खटकन नाही, रेंगाळत, म्हणून उघडला. मूळचं ग्रीस धुऊन गेलेलं, स्पूलवर तपकिरी चिकट थर, आणि पायलटच्या बारीक भोकाशी टेफ्लॉन टेपचा एक धागा. या प्रकारच्या व्हॉल्व्हमध्ये कॉइल स्पूलला ढकलत नाही. ती फक्त ते बारीक भोक उघडते, स्पूल सरकवते ती हवा. भोक अर्धवट बुजलं आणि स्पूल चिकट झाला की कॉइल वाजते, सिलिंडर ढिम्म.

आणि पाणी. आमच्या माणसाने कॉम्प्रेसरचं नाव घेतलं ते यासाठी. ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प असतं. गेजवर ७ बार दिसतात तेव्हा साधारण ८ घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबलेली असते. ती परत ३० अंशांवर आली की त्यात ३० ग्रॅमच मावतं, उरलेल्या २१० ग्रॅमचं पाणी होतं. गरम हवेबरोबर ते बाष्प बनून टाकीपुढे जातं आणि रात्री पाइपात गार होऊन साचतं. सकाळचा पहिला झोत थेट व्हॉल्व्हमध्ये. टाकीचा ड्रेन रोज सोडा, एफआरएलच्या (फिल्टर, रेग्युलेटर, ल्युब्रिकेटर यांचा संच) फिल्टरच्या वाटीतलं पाणी काढा, आणि शाखा काढताना मुख्य पाइपच्या वरच्या अंगाने काढा. ल्युब्रिकेटरच्या वाटीत टर्बाइन ऑइल व्हीजी ३२ (३२ हा तेलाच्या दाटपणाचा नंबर) घाला. हाताशी आहे म्हणून इंजिन ऑइल नको.

प्रेशर मात्र ६ वरच आणा. दर वाढीव बारला कॉम्प्रेसर साधारण ७ टक्के जास्त वीज खातो, आणि झिजलेल्या सीलमधून हवा आणखी जोरात निसटते.

पैसे परत करणार नाही, कारण व्हॉल्व्ह ठीक आहे. साफ करून, नवं ग्रीस लावून तो विनामूल्य पाठवतोय. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) आणि मेक कळवा, सील किट काढून ठेवतो. व्हॉल्व्ह बसवण्याआधी पाइप एकदा मोकळ्या हवेत फुंकून घ्या, आणि टेप गुंडाळताना पहिले दोन आटे कोरे सोडा.