मसल कार तेलसंकटाने मारल्या नाहीत

अमेरिकी मसल कारविषयी, म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत मोठे व्ही-८ इंजिन बसवलेल्या वेगवान गाड्यांविषयी, एक मजकूर सगळीकडे फिरतो : 'ऑक्टोबर १९७३ च्या अरब तेलबंदीने मसल कार संपवल्या. त्याआधी १९७२ मध्येच कंपन्यांनी इंजिनांची ताकद एका फटक्यात पाऊण केली होती. म्हणून १९७० नंतरची गाडी घेण्यात अर्थ नाही.' तीनही विधाने चुकीची आहेत.

आधी तारखा पाहू. पॉन्टिॲक जीटीओ (जनरल मोटर्सची मसल कार) १९६६ मध्ये ९६,९४६ विकल्या गेल्या, १९७० मध्ये ४०,१४९, १९७१ मध्ये १०,५३२ आणि १९७२ मध्ये ५,८०७. १९७० च्या शरदात जनरल मोटर्समध्ये ६७ दिवसांचा संप झाला, तो हिशेबात धरला तरी पुढच्या वर्षी आकडा सावरलेला नाही. ४२६ हेमी (क्रायस्लरचे ४२६ घन इंचांचे इंजिन) १९७१ नंतर मिळेनाशी झाली. फोर्डची बॉस ४२९ (४२९ घन इंचांची मस्टँग) तर १९७० मध्येच थांबली. तेलबंदी आली तेव्हा बंद पडण्यासारखे फारसे उरलेच नव्हते.

खरे घाव दोन. पहिला विम्याचा. वजनाच्या मानाने अश्वशक्ती जास्त असली की विमा कंपन्या जादा हप्ता लावत, आणि या गाड्यांचे गिऱ्हाईक म्हणजे पंचविशीच्या आतली मुले, ज्यांचा हप्ता मुळातच चढा. १९७१ च्या शेव्हरलेची 'हेवी शेव्ही' यातूनच आली : रूप एसएसचे (सुपर स्पोर्ट या दमदार प्रकाराचे), पण ४५४ घन इंचांचे मोठे इंजिन मिळत नसे. दुसरा घाव १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याचा. १९७५ पर्यंत हायड्रोकार्बन व कार्बन मोनॉक्साइड ९० टक्के कमी करायचे होते. त्यासाठी लागणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला शिसे चालत नाही, म्हणून जनरल मोटर्सने १९७१ पासूनच कमी ऑक्टेनच्या, शिसेविरहित पेट्रोलवर चालतील अशी इंजिने दिली.

आता 'एका फटक्यात' गेलेल्या ताकदीचे. १९७१ पर्यंत जाहिरातीत ग्रॉस आकडा असे : इंजिन डायनॅमोमीटरवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर), एअर क्लीनर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा भार नाही. १९७२ पासून नेट, म्हणजे हे सगळे जोडून मोजलेला आकडा छापू लागले. शेव्हरलेच्या शेव्हेल गाडीतल्या ४५४ च्या एलएस५ या प्रकाराचे बघा : १९७१ मध्ये ग्रॉस ३६५, त्याच इंजिनाचा नेट २८५, आणि १९७२ मध्ये नेट २७०. कागदावर ९५ अश्वशक्ती गेल्या, पण त्यातल्या ८० मोजण्याच्या पद्धतीने गेल्या. खरी घट १५ ची. त्याहून बोलका पुरावा म्हणजे १९७० चे एलएस५ : कॉम्प्रेशन (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते; जास्त म्हणजे जास्त ताकद) १०.२५, ग्रॉस ३६०. पुढच्या वर्षी कॉम्प्रेशन ८.५ वर आले आणि छापील आकडा चक्क पाचने वाढला! ग्रॉस आकड्यावर किती विसंबावे ते यातून कळते.

१९७० नंतर काहीच घेण्यासारखे नाही, हे म्हणणे पॉन्टिॲकचे सुपर ड्यूटी ४५५ एकटेच खोडून काढते. १९७३ व १९७४ मध्ये मिळालेले हे इंजिन, कॉम्प्रेशन ८.४, तरी नेट २९०. आणि तेलबंदीनंतर पॉन्टिॲकच्याच ट्रान्स ॲम गाडीची विक्री वाढली : १९७४ मध्ये १०,२५५, तर १९७६ मध्ये ४६,७०१.

आज १९७१-७२ ची गाडी पाहताना छापील आकडा बाजूला ठेवून सिलिंडरचा दाब मोजा. इंजिन गरम, आठही प्लग काढलेले, इग्निशन तोडलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्रत्येक सिलिंडरला चार-पाच फेरे. सर्वांत कमी दाब सर्वाधिकाच्या ७५ टक्क्यांखाली गेला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

पिस्टन बदलून कॉम्प्रेशन ९.५ च्या आसपास नेता येते, आणि लोखंडी हेडवर प्रीमियम पेट्रोल तेवढे झेपवते. १९७० ची ११.२५ कॉम्प्रेशनची एलएस६ (४५४ चाच जास्त ताकदीचा प्रकार) मात्र आजच्या पंपावरच्या पेट्रोलवर नॉक करते, म्हणजे इंधन अवेळी पेटून ठोके बसतात. बिग ब्लॉकमध्ये, म्हणजे ४५४ सारख्या शेव्हरलेच्या मोठ्या इंजिनांत, एक चूक वारंवार होते. १९७१ च्या एलएस५ चे हेड ओपन चेंबरचे, म्हणजे ज्वलनाची पोकळी मोठी असलेले, आहे. त्यासाठी घेतलेले उंच डोमचे (वरच्या फुगवट्याचे) पिस्टन ठेवून वर जुने क्लोज्ड चेंबरचे, लहान पोकळीचे, हेड बसवले, तर डोम हेडवर आपटतो. म्हणून हेड आणि पिस्टन जोडीनेच निवडा, आणि चेंबरचा प्रकार हेडवरच्या कास्टिंग क्रमांकावरून आधी पक्का करा.